भावासमोर ताठ

एनेरिताचे गुडघे गेले ते भावांपायी. डॉक्टर म्हणतात वजनापायी, मुलगी म्हणते भातापायी, पण खरं कारण एनेरितालाच विचारा. होनोलुलूतल्या कलिही वस्तीत तिच्या आईच्या कुळातले पुरुष इतके, की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाईला सरळ चालायची सोय नाही. सख्खा भाऊ, मावशीचा मुलगा, आईच्या मावशीच्या लेकीचा मुलगा, सगळे भाऊच. आणि भाऊ बसलेला असला की बहिणीनं त्याच्याहून उंच व्हायचं नाही. कमरेत वाकायचं, ‘तिरो, तिरो’, म्हणजे माफ करा, म्हणत पुढून सरकायचं, आणि तो चटईवर बसला असेल तर जवळजवळ रांगायचं. समुद्रापल्याडच्या आमच्या टोनोआस बेटावर हे निभत होतं. तिथे घरं मोकळी, भाऊ दिसला की परसातून जाता यायचं. इथे होनोलुलूत दोन खोल्यांच्या घराला दार एकच, दाराच्या तोंडाशी कोच, आणि कोचावर भाऊ. म्हणजे वाटीभर मीठ मागायला गेलं तरी वाकूनच आत शिरायचं.

जीभ मात्र तिची कधी वाकली नाही. बेटावरून आली तेव्हा विशी ओलांडलेली होती. हॉटेलातल्या खोल्या झाडल्या, चादरी बदलल्या, मग इंग्रजी बरं आहे म्हणून दवाखान्यात दुभाषी म्हणून लागली. तेव्हापासून दिवसभर लोकांच्या पोटातलं, आतड्यातलं आणि त्याखालचंही ती इकडचं तिकडे करते. बायकांची पाळी, म्हाताऱ्यांची मूळव्याध, नव्या नवरदेवांच्या भलत्या शंका, काही म्हणून तिला वर्ज्य नाही. उएतो बेटावरच्या पुरुषाला ती सरळ विचारते, “शौचाला होतं का रोज? रंग कसा?” तो बापडा लाजतो, ही लाजत नाही. पण तो परका. कुळातला पुरुष समोर आला की तिच्या तोंडाला कुलूप. भावासमोर कमरेखालचा शब्द काढायचा नाही, त्यानं बहिणीसमोर काढायचा नाही, आणि दोघांसमोर तिसऱ्यानं काढला तर दोघांनी उठून दोन दिशांना जायचं. टीव्हीवर कुणी कुणाचा मुका घेतला तरी अख्खी खोली रिकामी होते आमची.

त्यातून काचुओ तिचा सख्खा थोरला भाऊ. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो बहिणी झोपतात त्या घरात कधी झोपला नाही, होडीच्या छपराखाली पडायचा. बाप लवकर गेला. एनेरिताला वेनो बेटावरच्या शाळेत धाडायचं म्हणून यानं स्वतःची शाळा सोडली आणि मासे धरले. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही, तिनंही कधी आभार मानले नाहीत. आमच्यात भावाचे आभार तोंडानं मानत नाहीत. वाकली की झालं.

आता काचुओ विमानतळाजवळच्या एका लाँड्रीत काम करतो. दिवसभर हॉटेलांचे टॉवेल. इंग्रजी म्हणाल तर ‘यस बॉस’, ‘नो प्रॉब्लेम’ आणि ‘टुमारो’. एवढ्यावर त्यानं वीस वर्षं काढली.

तर त्या रविवारी एनेरिता फणस भाजून घेऊन भावाकडे गेली. आमचा फणस म्हणजे नीरफणस, कुटून खायचा तो. दारातून वाकली, काचुओ कोचावर होता, ‘तिरो’ म्हणत स्वयंपाकघरात शिरली आणि कंबर धरून सरळ झाली. रोसांता, काचुओची बायको, ओट्याशी टर्कीच्या शेपट्या उकळत होती. तिचे डोळे सुजलेले. एनेरितानं विचारलं काय झालं, तर तिनं आधी नळ सोडला, पाण्याचा आवाज मोठा केला आणि मग कानाशी येऊन बोलली.

“लघवीतून रक्त जातंय त्याच्या. नाताळच्या आधीपासून.”

“आणि आता ईस्टर आलाय तोंडावर! आता सांगतेस?”

“मला तरी कुठे सांगितलं? स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात आलं. दिवसभर लोकांचे टॉवेल धुणारा माणूस घरी येऊन स्वतःची चड्डी धुतो, म्हणजे काय समजायचं मी?”

 लघवीतून रक्त आणि दुखत काही नाही, याचा अर्थ एनेरितानं दवाखान्यात दुसऱ्यांना किती वेळा सांगितला होता. लवकर आलेले बरे झाले, उशिरा आलेल्यांची पेटी विमानानं बेटावर गेली. तिनं तिथल्या तिथे ठरवलं, याला दवाखान्यात न्यायचं. पण ‘दादा, चला’ असं तिनं म्हणायचं कसं? ‘का’ म्हणाला तर काय सांगणार? म्हणून हे काम रोसांतावर आलं. ती आठवडाभर त्याच्या मागे लागली, रडली, जेवण बंद केलं, तेव्हा काचुओ कबूल झाला. अट एकच. दुभाषी पुरुष हवा.

हे एनेरितानं जमवलं. दुसऱ्या दवाखान्यात एक गडी दुभाषी होता, उदोत बेटाचा, नाव रुफिनो, कुळ वेगळं, सगळं स्वच्छ. त्याला गाठून काचुओच्या तपासणीच्या दिवशी, त्याच वेळी आपल्या दवाखान्यात बोलावून ठेवलं. स्वतः त्या दिवशी रजा मागितली, ती मिळाली नाही. ठीक आहे, म्हणाली, मी दुसऱ्या मजल्यावर राहीन.

सकाळी दवाखाना उघडला आणि रुफिनोचा निरोप आला. त्याची चुलत आत्या वारली होती, तो मयताला गेला होता. आमची मयतं तुम्हाला माहीत नाहीत, मयताला गेलेला माणूस आठवडाभर परत येत नाही आणि कुणी त्याला विचारतही नाही. एनेरितानं कपाळावर हात मारला. तोवर दुभाष्यांना कामं वाटून देणाऱ्या मिस ओयामा पायऱ्या चढून वर आल्या आणि म्हणाल्या, चार नंबरच्या खोलीत चल, तुमचा एक माणूस आलाय.

“तो माझा भाऊ आहे,” एनेरिता म्हणाली. “मला नाही जमणार.”

ओयामा बाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण थकलेल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला. “मंगळवारचा तो म्हातारा, तोही भाऊच होता. पायाला पट्टी बांधलेला, तोही भाऊ. एनेरिता, तुला भाऊ आहेत तरी किती? आम्ही दवाखाना चालवायचा की तुमच्या भावंडांचा मेळावा?”

“हा सख्खा आहे.”

“मग उलट सोपं नाही का? घरचाच माणूस.”

यावर काय बोलणार, कपाळ? सख्खा म्हणजे सर्वांत अवघड, हे तिनं यांना या नोकरीत कितीदा सांगितलं असेल. दरवेळी ऐकतात, मान हलवतात, ‘किती सुंदर संस्कृती’ म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भावाच्या खोलीत ढकलतात. एनेरितानं तळमळून विनवलं, निदान फोनवरचा दुभाषी लावा. ते ओयामांनी मान्य केलं, पण म्हणाल्या, तूही आत थांब, फोनचा भरवसा नाही.

खोलीत काचुओ तपासायच्या उंच पलंगावर बसला होता, रविवारचा शर्ट घालून. त्या उंच पलंगाचे उपकार, एनेरिताला फार वाकावं लागलं नाही. ती दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. भावानं तिच्याकडे पाहिलं नाही, तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. रोसांता कोपऱ्यात पर्स घट्ट धरून. डॉक्टर फेरेरा आले, तरुण, घाईतले, हसतमुख, आणि त्यांनी फोन लावून मधे ठेवला.

फोनवर बाईचा आवाज आला. ओरेगनहून बोलत होती. गोड बोलली, नमस्कार केला, नाव विचारलं. काचुओनं नाव सांगितलं. नाव ऐकून ती म्हणाली, “टोनोआसचे का तुम्ही?” हे दुभाष्यानं विचारायचं नसतं, पण आमच्यातला कुठला माणूस हे न विचारता पुढे जाईल? काचुओनं सभ्यपणे सांगितलं, हो, टोनोआसचा. कोणाचे? अमकीचा. कुळ? त्यानं कुळ सांगितलं. 

“दादा,” फोनमधली बाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, “माझी आई आणि तुमची आई एका घरातल्या.” आणि फोन बंद झाला.

“लाइन गेली,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. त्या वेळी कामावर आमची चुकीज भाषा बोलणारी ती एकटीच होती. तिनं क्षमा मागितली, दादाला मागितली, डॉक्टरांना मागितली, आणि पुन्हा ठेवला. समुद्र ओलांडून हजारो मैल दूर गेली पोरगी, तरी बहीणच निघाली! एनेरिताला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि एनेरिताकडे वळले. “तूच विचार. लघवीला काही त्रास? रक्त वगैरे?”

एनेरितानं तोंड उघडलं. शब्द तिला पाठ होता, रोज दहादा म्हणायची. तो ओठांपर्यंत आला आणि तिथेच बसला. काचुओची नजर जमिनीवर, त्याचे कान लाल झालेले.

“दादा,” ती म्हणाली, “डॉक्टर विचारतात, बरं आहे ना?”

काचुओनं भुवया उचलल्या. आमच्यात भुवया उचलल्या म्हणजे हो. डॉक्टर तेव्हा कॉम्प्युटरकडे बघत होते.

“काय म्हणाला?”

“बरं आहे म्हणाला,” एनेरिता म्हणाली, आणि हे म्हणताना तिला स्वतःचा असा राग आला की हाताची नखं तळव्यात रुतली. कोपऱ्यातून रोसांता तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण फसवणूक कळायला इंग्रजी लागत नाही. तिनं स्वतः बोलावं, तर नवऱ्याच्या बहिणीसमोर नवऱ्याचं कमरेखालचं कसं बोलणार? तीही आमच्यातलीच.

मग एनेरितानं डॉक्टरांना बाहेर बोलावलं. दाराबाहेर हळू आवाजात सांगून टाकलं, मला सांगता येत नाही, पण तुम्ही तपासा, त्याला आहे तो त्रास. डॉक्टर गंभीर झाले. त्याच वेळी ओयामा बाई तिथून जात होत्या. त्यांनी ऐकलं आणि एनेरिताचा दंड धरून बाजूला घेतलं. दुभाष्यानं रोग्याच्या तोंडून आलं तेवढंच बोलायचं, स्वतःच्या पदरचं एक अक्षर नाही, हा पहिला नियम तिलाच त्यांनी शिकवला होता. आज तिनंच मोडला. एनेरितानं ऐकून घेतलं. इथे बोलावं तर दवाखान्याचा नियम मोडतो, तिथे बोलावं तर आईच्या कुळाची अब्रू जाते. गप्प बसावं तर भाऊ जातो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती आग काढायची कुणावर?

डॉक्टर म्हणाले, वाद नको, लघवी तपासू, सगळं कळेल. नर्सनं काचुओच्या हातात झाकणाचा कप दिला आणि संडासाकडे बोट दाखवलं. कप कसा भरायचा, कुठे ठेवायचा हे एनेरितानं सांगायचं. ती म्हणाली, “दादा, हे त्यांना हवंय.” बस, एवढंच. काचुओ पलंगावरून उतरला तशी ती भिंतीशी खाली बसली, उकिडवी. नर्सनं विचारलं, चक्कर येतेय का? नाही, म्हणाली, सवय आहे.

संडास त्या खोलीला लागूनच. दार पातळ. आत नळ सुटल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. काचुओ बाहेर आला तो कप कागदी रुमालात गुंडाळून, शर्टाखाली धरून, बहिणीच्या बाजूला पाठ करून. नर्सची दुसऱ्या खोलीत वाट बघत होते, तिनं तपासणीची पट्टी बुडवली, वर धरली. पट्टीच्या एकाही चौकोनाचा रंग बदलला नाही. साफ.

एनेरिताला कळलं. रोसांतालाही कळलं असणार, तिनं डोळे मिटले. जवळच बहीण बसलेली, तिला ऐकू जाईल, कप हातात घेऊन तिच्यासमोरून यायचं. आमच्यातल्या कुठल्याही पुरुषानं हेच केलं असतं. त्यानं नळाचं पाणी भरून दिलं होतं.

डॉक्टर खुश झाले. रक्ताचा अंश नाही, साखर नाही, उत्तम. पाठ दुखत असेल तर टॉवेलांच्या ओझ्यानं. सहा महिन्यांनी दाखवायला या. त्यांनी हात पुढे केला, काचुओनं तो दोन्ही हातांनी धरला. “नो प्रॉब्लेम,” तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता, जणू आजार खरंच नळाबरोबर वाहून गेला. डॉक्टर दरवाजाकडे वळले, काचुओ खुर्चीवर बसून बूट घालू लागला. मघाशी पलंगावर चढताना काढले होते.

सहा महिने. एनेरिता अजून उकिडवी बसली होती, भावाच्या बुटांच्या पातळीवर. लेस बांधणाऱ्या त्याच्या हातांकडे बघत होती. साबणानं फाटलेले ते हात, ज्यांनी तिच्या शाळेसाठी मासे धरले. तिला एकदम संताप आला. रुफिनोच्या आत्याचा, ओयामांचा, फोनवरल्या बहिणीचा, त्या पातळ दाराचा, आणि सगळ्यात जास्त या भावाचा, जो मरायला तयार होता पण लाजायला नाही. तिनं भिंतीला हात लावला आणि उभी राहिली. भाऊ खाली बसलेला आणि ती उभी, ताठ, दरवाजा अडवून. रोसांता घाबरून “अगं बाई” म्हणाली.

“दादा,” एनेरिता आमच्या भाषेत म्हणाली, मोठ्यानं, दवाखान्याच्या आवाजात. “तुमच्या लघवीतून रक्त जातं. नाताळच्या आधीपासून जातंय. कपात तुम्ही नळाचं पाणी दिलंत.”

मग तेच तिनं इंग्रजीत डॉक्टरांना सांगितलं, शब्दाला शब्द, आणि शेवटी म्हणाली, हे त्यानं सांगितलेलं नाही, हे मी सांगतेय.

 काचुओच्या हातात बुटाची लेस तशीच. त्याची मान इतकी खाली गेली की हनुवटी छातीला टेकली. त्यानं नुसत्या भुवया उचलल्या, पुसट, जमिनीकडे बघत.

“तो काय म्हणतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो म्हणतो.”

“तो तर काहीच बोलला नाही. मला त्याच्याकडून ऐकायला हवं.”

एनेरिता काही बोलणार, तोच काचुओ बोलला. बहिणीकडे नाही, बायकोकडे नाही, समोरच्या भिंतीकडे बघून, त्या लाँड्रीतल्या इंग्रजीत. “यस बॉस. रेड. एव्हरी डे रेड.” वीस वर्षांत त्याच्या तोंडून ‘नो प्रॉब्लेम’ शिवाय एवढं इंग्रजी कुणी ऐकलं नव्हतं. ते शब्द आमच्या भाषेतले नव्हते, म्हणून कसेबसे निघाले. मग तो रडला. एनेरिता दारातून बाहेर गेली, तिथे उभं राहणं तिला शक्य नव्हतं.

दुसरा कप भरला तो खरा होता. पुढचं सगळं भराभर झालं. लघवीच्या पिशवीत गाठ निघाली, जून लागायच्या आत काढली, आणि डॉक्टर म्हणाले की वेळेवर आलात. ओयामा बाईंनी एनेरिताला खुर्चीत बसवून समज दिली. दुभाष्यानं स्वतःचं बोलणं हा एक गुन्हा आणि नात्यातल्या रोग्याचं काम घेणं हा दुसरा.

“सकाळीच सांगितलं होतं मी, भाऊ आहे म्हणून,” एनेरिता म्हणाली.

“तू दर आठवड्याला सांगतेस,” ओयामा म्हणाल्या. आता बोला! एनेरितानं हात टेकले.

मुलगी जॅसलिन इथेच जन्मली, इथेच वाढली, मामासमोरून ताठ चालत फोनवर बोलत जाते. ती म्हणाली, मम्मी, तू मामाला वाचवलंस, यात एवढं तोंड पाडायला काय झालं? एनेरिता तिच्यावर खेकसली. मुलीला काय समजावणार? वाचवलं हे खरंच. पण भावाच्या तोंडावर बहिणीनं ते बोलणं आमच्यात मारण्याइतकं वाईट, आणि हेही खरंच. ती रात्ररात्र कूस बदलायची आणि सकाळी दवाखान्यात जाऊन दुसऱ्यांच्या भावांना तेच प्रश्न विचारायची.

रीतीप्रमाणे तिनं क्षमा मागितली. कुटलेला फणस, भात, आख्खा तळलेला मासा असं घेऊन थोरल्या मावशीबरोबर गेली, दाराबाहेरच गुडघ्यांवर बसली, आत गेली नाही. काचुओ इस्पितळातून नुकता घरी आला होता. त्यानं अन्न ठेवून घेतलं. राग असता तर परत पाठवलं असतं. मावशी म्हणाली, झालं, मिटलं. रोसांतानंही तेच सांगितलं. एनेरितानं सुटकेचा श्वास घेतला आणि पुढच्या रविवारी पूर्वीसारखी फणस घेऊन गेली. दारातून वाकली. काचुओ कोचावर होता. तिला बघताच त्यानं कोचाच्या दांडीला धरलं, टाके सांभाळत, तोंड वेडंवाकडं करत उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. भाऊ उभा असला की बहिणीला वाकायचं कारण नसतं. एनेरिता अर्धी वाकलेली, मधेच थांबली, मग सरळ झाली आणि आत गेली. तिला वाटलं, दुखत असेल, पाय मोकळे करत असेल.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. ती येताना दिसली की काचुओ उठायचा.

नवरा बरा झाला म्हणून रोसांतानं चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आभाराचं जेवण घातलं. अख्खी कलिही लोटली. भिंतीलगत चटयांवर कुळातले पुरुष बसलेले, मधे काचुओ, अजून अशक्त, रंग उतरलेला. बायका स्वयंपाकघरातून ताटं आणत होत्या, वाकून, ‘तिरो, तिरो’ करत. एनेरितानं माशाचं मोठं ताट उचललं आणि दारातच कंबर वाकवली. आज सगळ्यांसमोर, तिला वाटलं, आज वाकेन आणि पूर्वीसारखं होईल.

काचुओनं तिला पाहिलं. भिंतीला हात लावून तो उठू लागला. चटईवरून उठणं कोचावरून उठण्यासारखं नव्हतं. शेजारच्या दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. आणि थोरला उभा राहिला म्हटल्यावर बाकीचे कसे बसणार? एकामागून एक ती सगळी रांग उठली, म्हातारे, तरुण, तोंडात घास असलेले.  एनेरिताला त्या उभ्या पुरुषांसमोरून, सगळ्यांच्या देखत, ताट घेऊन सरळ चालत जावं लागलं. ताट ठेवलं आणि तशीच सरळ परत आली. मग पुरुष पुन्हा बसले.

स्वयंपाकघरात येऊन तिनं पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. रोसांता भाताचं भांडं खरवडत होती.

“का उठतो तो?” एनेरिता म्हणाली. “माफ केलं म्हणालीस ना?”

“माफ करायला तुझा काही गुन्हाच नाही म्हणतो,” रोसांता म्हणाली. “रोज देवाकडे तुझं नाव घेतो. पण म्हणतो, तिनं माझं सगळं ऐकलं, बघितलं, बोलून दाखवलं. आता मी बसून राहावं आणि तिनं माझ्यापुढे वाकावं, एवढी माझी पत उरली नाही. मला लाज वाटते, म्हणतो.”

“टाके उसवतील त्याचे! सांग त्याला, बस म्हणावं. वाकते मी. मला चालतं वाकायला.”

“मी सांगून थकले. माझं ऐकतो होय?” रोसांतानं भांडं तिच्या हातात दिलं. “तूच सांग. तुझं त्या दिवशी ऐकलं त्यानं.”

भात बाहेर न्यायचा होता. एनेरिता भांडं घेऊन दारापाशी आली. हॉलमध्ये काचुओ नुकता टेकला होता, श्वास लागलेला, एक हात पोटावर. ‘दादा, बसा.’ दोन शब्द, कुठलाही डॉक्टर, कुठलाही दवाखाना मधे नाही. पण बहिणीनं भावाला बस-ऊठ सांगायची नसते, आणि एकदा सांगून झालं होतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात त्याची नजर दाराकडे गेली, आणि तिला पाहून त्यानं पुन्हा भिंतीकडे हात नेला.

एनेरिता मागे फिरली. भांडं तिनं जॅसलिनच्या हातात दिलं, जा, तू ने म्हणाली, आणि जॅसलिन मामासमोरून ताठ चालत गेली. मामा बसून राहिला.